आठवड्याचा एक तास सिद्धतेसाठी द्या : गोव्यातील उच्च माध्यमिक विद्यालयांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सर्व उच्च माध्यमिक विद्यालयांचे प्राचार्य आणि गणिताचे शिक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी इथल्याच एका पदवी महाविद्यालयात गणित शिकवते. तुमच्याकडून बारावी होऊन निघालेली मुले दोन-तीन महिन्यांत माझ्या वर्गात येऊन बसतात. मधल्या काळात त्यांचे काय होते हे तुम्हांला दिसत नाही आणि त्याआधी काय झाले हे मला दिसत नाही. म्हणून हे पत्र शिक्षण खात्याला न लिहिता थेट तुम्हांला लिहिते आहे.

मागणी एकच आहे. ज्या मुलांना गणित मनापासून आवडते, त्यांच्यासाठी अकरावी-बारावीत आठवड्याचा एक तास राखून ठेवा. त्या तासाला पोर्शन पुढे न्यायचा नाही, बोर्डाचे जुने पेपर सोडवायचे नाहीत. एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्याचे उत्तर तसेच का येते, हे मुलांनी स्वतःच्या वाक्यांत कागदावर लिहायचे. शाळेच्या भाषेत सांगायचे तर सिद्धता, म्हणजे प्रूफ, लिहायची.

ही मागणी का, ते नीट सांगायला हवे.

आपल्याकडे बीएस्सीला गणित घेणारी मुले बहुतेक वेळा दुसरीकडून फिरून येतात. आधी इंजिनिअरिंगची यादी, मग फार्मसी, मग आणखी काही, आणि या सगळ्या याद्या संपल्या की घरच्यांना आठवते, 'अरे, हिला गणितात चांगले मार्क होते.' प्रवेशाच्या वेळी साखळी-वाळपईकडून मुलीबरोबर आलेली आई हळूच विचारते, 'बाई, हे करून पुढे शिक्षिकाच व्हायचे ना?' त्या प्रश्नात काही गैर नाही. तिला दुसरे काही कोणी सांगितलेलेच नसते. पण ज्या मुलीला गणित खरोखर येत होते आणि आवडतही होते, तिला अकरावीतच कोणी सांगितले असते की गणित हा स्वतंत्र, पूर्ण वेळ शिकण्याचा विषय आहे, त्याच्या वेगळ्या संस्था आहेत, वेगळ्या प्रवेश परीक्षा आहेत, तर ती अशी उरलीसुरली जागा म्हणून गणिताकडे आली नसती.

पहिल्या सेमिस्टरला रिअल अ‍ॅनालिसिस सुरू होते. बारावीत पंचाण्णव मार्क घेतलेली मुलेही इथे गोंधळतात. इंटिग्रेशन त्यांना चटाचट येते, डेरिव्हेटिव्ह तोंडपाठ असतात. आणि पहिल्याच पंधरवड्यात फळ्यावर संख्यांच्या क्रमिकेच्या (सीक्वेन्सच्या) लिमिटची व्याख्या येते : एप्सिलॉन ही कोणतीही धन संख्या घ्या, कितीही लहान, त्यासाठी असा एक टप्पा सापडला पाहिजे की त्यापुढची सगळी पदे लिमिटपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहतील. मुले ही व्याख्या वहीत उतरवून घेतात आणि विचारतात, 'मॅडम, यात फॉर्म्युला कुठला लावायचा?' सूत्र लावायचेच नसते, 'असा टप्पा सापडतोच' हे पटवून द्यायचे असते. हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलेले नसते. काही मुले महिन्या-दोन महिन्यांत सावरतात. काहींना मात्र वाटते की आपल्याला गणित येत नाही, आपले बारावीचे मार्क खोटे होते. अशी हुशार मुले दुसऱ्या वर्षापर्यंत गप्प होऊन मागच्या बाकावर जातात, आणि याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

माझ्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न देते. 'न' ही कोणतीही पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या 'न' मिळवा आणि वर ४१ मिळवा. न शून्य असताना ४१ येते, न एक असताना ४३, न दोन असताना ४७, मग ५३, ६१, ७१. सगळ्या मूळ संख्या. मुले उत्साहाने पुढे जातात, कॅल्क्युलेटर बाहेर येतात, तीसपर्यंत मूळ, पस्तीसपर्यंत मूळ, एकोणचाळीसपर्यंतसुद्धा मूळच. वर्गाचे एकमत होते की हे नेहमीच होत असणार. मग न चाळीस घेतल्यावर १६८१ येते, म्हणजे ४१ गुणिले ४१. वर्ग शांत होतो. अठराव्या शतकात ऑयलरने दाखवलेली ही गंमत आहे, पण तिच्यातून मुलांना जे कळते ते कुठल्याही व्याख्यानाने कळत नाही : चाळीस उदाहरणे जुळली म्हणजे सिद्ध झाले असे नाही. हा धक्का त्यांना सोळाव्या-सतराव्या वर्षी, तुमच्या वर्गात मिळावा. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे मिळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

उशीर कसला, तेही सांगते. बारावीनंतर थेट गणित शिकवणाऱ्या देशातल्या काही उत्तम जागांचे दरवाजे सिद्धता लिहिता येणाऱ्या मुलांसाठीच उघडे आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे उदाहरण घ्या. कोलकात्यात बी.स्टॅट. ही संख्याशास्त्राची पदवी, बेंगळुरूमध्ये बी.मॅथ. ही गणिताची. प्रवेश परीक्षेत एक पेपर पर्यायांचा आणि दुसरा लिहिण्याचा. दुसऱ्या पेपरात दोन तासांत जेमतेम आठ प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर पूर्ण युक्तिवादासह लिहावे लागते. तिथे निवड झालेल्या विद्यार्थ्याला शिकवणी शुल्क नसते, उलट विद्यावेतन मिळते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या परीक्षेतही युक्तिवाद लिहून दाखवावा लागतो. दोन्ही संस्थांचे जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट बघता येतात. एकदा उघडून पाहा. बहुतेक प्रश्नांना अकरावी-बारावीच्या पुस्तकापलीकडचे काही लागत नाही. लागते ती फक्त लिहिण्याची सवय. जेईईच्या क्लासला दोन वर्षे गेलेले मूल पर्यायांच्या पेपरात टिकते आणि लिहिण्याच्या पेपरात अडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता वेळापत्रकाचा घोळ पाहा. या संस्थांचे अर्ज साधारण मार्चच्या आसपास भरायचे असतात आणि परीक्षा मेमध्ये होते. आपला बोर्डाचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा. म्हणजे अर्ज निघतात तेव्हा घराघरांत बोर्डाशिवाय दुसरा विषय नसतो, आणि बोर्ड संपून मुले मोकळी होऊन 'आता पुढे काय' असे विचारू लागतात तोवर तारीख टळलेली असते. वर्गशिक्षकाने जानेवारीत फलकावर एक कागद लावला आणि दोन मुलांना बोलावून 'तू हा अर्ज भर' असे सांगितले, तर एवढ्यानेही एखाद्याचा मार्ग बदलू शकतो. आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, यांची स्वतःची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते, तिचीही माहिती त्याच कागदावर असावी. पुण्याची आयसर तर आपल्याकडून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर आहे.

कॉमर्सच्या मुलांना कृपा करून विसरू नका. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ.साठी बारावीत गणित आणि इंग्रजी असले की पुरते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची अट नाही. कॉमर्सला गणित घेणारी, आकड्यांत रमणारी मुले तुमच्याकडे नक्की असतील. त्यांच्यापर्यंत ही बातमी पोचतच नाही, कारण हा सायन्सवाल्यांचा प्रांत असे सगळेच धरून चालतात.

आणि गोव्यातच राहून शिकणाऱ्यांचे काय? बहुतेक मुले इथेच शिकणार, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. नव्या धोरणाप्रमाणे आपल्या महाविद्यालयांत २०२३-२४पासून चार वर्षांची पदवी सुरू झाली आहे, ताळगाव पठारावर विद्यापीठाचा गणित विभाग आहे, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना जॅम परीक्षा देऊन आयआयटींच्या एमएस्सीला जाता येते. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. सीक्वेन्स आणि सिरीज, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी, डिफरन्शियल इक्वेशन्स. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. संशोधनाकडे वळायचे असेल तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेची परीक्षा आहे, पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आहे. गणिताच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी १९९३पासून एमटीटीएस नावाचे उन्हाळी प्रशिक्षण चालते. तिथे मुलांना सूत्रे देत नाहीत, दिवसभर प्रश्न विचारतात. या सगळ्यासाठी माझ्यासारखे महाविद्यालयीन शिक्षक जबाबदार आहेत, ती जबाबदारी तुमच्यावर ढकलायची नाही. पण पहिल्या वर्षाचे पहिले सहा महिने आम्ही मुलांना लिहायला शिकवण्यात घालवतो. तेच काम तुमच्याकडे सुरू झाले, तर त्या सहा महिन्यांत आम्ही त्यांना बरेच पुढे नेऊ शकू.

पालकांचा प्रश्न नोकरीचा असतो, आणि तो खराच मोठा आहे. गोव्यात 'सरकारी नोकरी लागली का?' हा प्रश्न पदवीच्या आधीच सुरू होतो. त्यांना सांगण्यासारखे तुमच्याकडे काही असायला हवे. केंद्र सरकारची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, ती यूपीएससीमार्फत भरली जाते. पण तिच्यासाठी पदवीला संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो, म्हणून गणिताबरोबर संख्याशास्त्र घ्यायचा सल्ला पहिल्याच वर्षी मिळाला पाहिजे. पर्वरीला राज्याचे नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालय आहे. विमा क्षेत्रात जोखमीचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ, म्हणजे अ‍ॅक्च्युअरी होण्याची वाट बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेपासून सुरू होते; ती लांबची आणि कष्टाची आहे, पण गणित आवडणाऱ्याला जमणारी आहे. वेर्णा आणि कुंडईच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता तपासणीचा पाया संख्याशास्त्राचा असतो. आणि शिक्षक होणे हेही करिअरच आहे. चांगल्या गणित शिक्षकाची गरज प्रत्येक तालुक्याला आहे हे तुम्हांला मी काय सांगणार.

पण मुलांशी नोकऱ्यांच्या यादीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने बोलता येते, आणि त्यासाठी गोव्यासारखी जागा नाही. भरती-ओहोटीचेच घ्या. पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक मुलाने उधाणाची भरती पाहिलेली असते; खाजनाकाठच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळच्या) मुलांना मानसाची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे कधी उघडतात आणि कधी मिटतात हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. मांडवीत तर समुद्राची भरती पार गांजेपर्यंत आत चढते. या चढउतारात चंद्रामुळे येणारी एक लाट साधारण १२ तास २५ मिनिटांची, सूर्यामुळे येणारी दुसरी १२ तासांची. अकरावीत आपण दोन साइनची बेरीज गुणाकारात बदलण्याचे सूत्र शिकवतो आणि दोन मार्कांचा प्रश्न म्हणून सोडून देतो. जवळजवळ सारख्या कालावधीच्या या दोन लाटांची बेरीज करून बघायला सांगा. दोन्हींची उंची सारखी नसते, त्यामुळे सूत्र जसेच्या तसे बसत नाही, पण कल्पना तीच. त्या बेरजेत एक सावकाश होणारी चढउतार दिसते आणि तिचा कालावधी काढला तर सुमारे १५ दिवस येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी उंचीची, भरती, जे आपले रापणकार (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार) पिढ्यान् पिढ्या ओळखून आहेत, ते मुलांच्या वहीत आकड्यांनी उतरते. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र इथे प्रवाह, लाटा, मान्सून आणि बर्फ यांवर काम चालते आणि त्याच्या मुळाशी डिफरन्शियल इक्वेशन्स असतात. या संस्था आपल्या मुलांच्या घरापासून बसने जाण्याच्या अंतरावर आहेत. गणित शिकून तिथे काम करता येते, ही कल्पनाच त्यांना कोणी दिलेली नसते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मला फार दिवसांपासून लिहायचे होते. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले; वडील धर्मानंद सांखवाळचे. आपण त्यांचे नाव इतिहासकार म्हणून घेतो. आपल्या विद्यापीठात समाजशास्त्रांच्या शाखेला त्यांचे नाव आहे, कला अकादमीत २००८पासून त्यांच्या नावाचा विचार महोत्सव भरत आला आहे, आणि हे सगळे योग्यच आहे. पण पेशाने ते गणिती होते. हार्वर्डहून १९२९ साली पदवी घेऊन आले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२पर्यंत होते. त्यांच्या भूमितीतल्या कामावर एली कार्तांसारख्या फ्रेंच गणितज्ञाने १९३३ साली टिपण लिहिले. १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर मोजण्याचे एक सूत्र मांडले. ते कोसंबी मॅपिंग फंक्शन या नावाने आनुवंशशास्त्रात आजही वापरले जाते. प्राचीन नाण्यांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी हजारो नाणी स्वतः तोलली, कारण चलनात जास्त फिरलेले नाणे जास्त झिजते, आणि या झिजेचा हिशेब संख्याशास्त्राने मांडता येतो. इतिहासात त्यांनी जे केले त्याच्या तळाशी गणित आहे. तुमच्या वर्गात त्यांचा उल्लेख गणितज्ञ म्हणून, त्या सूत्रासकट, एकदा तरी व्हावा. गोव्याच्या मुलाला हे कळले पाहिजे की गणित शिकलेला आपल्यातला एक माणूस जनुकांपर्यंत आणि नाण्यांपर्यंत पोचला.

आता त्या एका तासाविषयी. तो कसा घ्यायचा हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता, तरी एक उदाहरण देते. मुलांना सांगा : कोणतेही पाच पूर्णांक लिहा. त्यांतून तीन असे निवडता येतील की त्यांची बेरीज तीनने निःशेष भागली जाईल. नेहमीच. पहिली दहा मिनिटे मुले आकडे घालून पाहतील आणि 'होतेय खरे' म्हणतील. मग विचारा, नेहमीच का? कोणीतरी तीनने भागल्यावर उरणाऱ्या बाकीकडे वळेल. बाकी शून्य, एक किंवा दोनच असू शकते. तिन्ही प्रकारच्या संख्या हजर असतील तर प्रत्येकीतून एक उचला, बाक्यांची बेरीज तीन. एखादा प्रकार गैरहजर असेल तर पाच संख्या दोनच प्रकारांत वाटल्या गेल्या, म्हणजे एका प्रकारात किमान तीन आल्या. त्या तिघी घ्या. एवढीच सिद्धता. पण ती पाच-सहा वाक्यांत कोरी, न अडखळता, 'समजा' आणि 'म्हणून' योग्य जागी ठेवून लिहायला मुलांना दोन-तीन तास लागतील, आणि ते लागू द्यावेत. पहिली वही लाल शाईने भरून टाकू नका. बाजूच्या मुलाला वाचून दाखवायला सांगा. त्याला पटले नाही तर लेखकाला आपोआप कळते कुठे भोक आहे.

सत्तरी, डिचोली, पेडणे इकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीत शिकून आलेली असतात. पाचवीपासून इंग्रजी, आणि मग पुस्तकातले वाक्य पाठ करणे हीच गणिताची भाषा होऊन बसते. युक्तिवाद पाठ करता येत नाही. त्या एका तासाला मुलांना मराठीत, कोकणीत, जशी येते तशी भाषा बोलू द्या, आधी तोंडी भांडू द्या, आणि मग इंग्रजीत लिहू द्या. घरी मराठी बोलणारी जी मुले माझ्या वर्गात इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या भीतीने गप्प असतात, त्यांतल्या काहींचा विचार सर्वांत स्वच्छ असतो. फळ्यापाशी बोलावून 'तुझ्या भाषेत सांग' म्हटले की ते दिसते.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पोर्शन संपत नाही, निकालाची टक्केवारी विचारली जाते, प्रॅक्टिकल, निवडणूक ड्युटी, गणना, आणि वर चवथीच्या सुट्टीनंतरचा तो तुटलेला महिना. क्लासला जाणाऱ्या मुलांना शाळेत थांबवणे तर आणखी कठीण. म्हणूनच मी सगळ्या वर्गासाठी मागत नाही. पाच मुले असली तरी चालेल, तीन असली तरी चालेल. प्राचार्यांना विनंती एवढी, की हा तास शिक्षकाच्या वेळापत्रकात कामाचा तास म्हणून धरा. शाळा सुटल्यावर फुकट राबणे या हिशेबाने तो टिकणार नाही.

माझ्या बाजूने मी जे देऊ शकते ते देते. अकरावीच्या मुलांना जमतील अशा प्रश्नांचा एक संच मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत तयार केला आहे, उत्तरांसह आणि मुले हमखास कुठे घसरतात त्या टिपांसह. तो कोणत्याही शाळेने घ्यावा, झेरॉक्स काढावा, बदलावा. शनिवारी दुपारी मी मोकळी असते. डिचोली, सत्तरी, बार्देश आणि पेडण्यातल्या शाळांनी बोलावले तर पहिले दोन-तीन तास तुमच्याबरोबर उभी राहून घेईन. फोंडा, सासष्टी आणि काणकोणसाठी तिथल्या महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांना विचारायला सुरुवात केली आहे. बारावीच्या मुलांसाठी अर्जांच्या तारखांचा एक कागद डिसेंबरअखेर तयार करीन. तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लागावा, आणि ज्या दोन-तीन मुलांसाठी तो आहे त्यांना तुम्ही नावाने हाक मारून दाखवावा.

आपली,
पदवी महाविद्यालयातील एक गणित शिक्षिका
डिचोली, गोवा